घेतलेली जागा

"सर, ही जागा तुम्ही कोणाची घेतली?"

रियाने विचारलं आणि क्लासमधले सगळे कीबोर्ड गप्प झाले. मागच्या बाकावर जास्मीनने ओढणी तोंडात कोंबून हसू दाबलं. पैज तिने लावली होती, कामोठ्याच्या त्या इमारतीचा जिना चढता चढता. "हिंमत असेल तर आज सरांना विचारून दाखव!" प्रश्न मात्र फिजाचा होता. आणि फिजा हसत नव्हती.

जागा म्हणजे काय, हे रियाला या क्लासमध्येच कळलं होतं, आणि फार वाईट रीतीने कळलं होतं. ती नवीन असताना कोणीतरी चालीत एक सुरेख वळण घेतलं. "वा, काय जागा घेतली!" असं सुशांत सर म्हणाले, आणि रियाने भाबडेपणाने विचारलं, "कुठे, कळंबोलीला?" अख्खा क्लास खो खो हसत सुटला. तिचं तरी काय चुकलं? जासईजवळची त्यांची शेतं कंटेनरच्या यार्डाखाली गेली तेव्हापासून तिच्या घरात जागा म्हणजे एकच, जमीन. "यकदा घेतलेली जागा परत नाय देत कोनी," असं बाबा दर रविवारी मटण खाताना म्हणायचे.

त्या दिवशी रिया जिन्यातच रडली होती. पण ती रिया गेली. आता नववीतली रिया शाळेच्या स्टेजवर एकटी वाजवायची, केस मागे उडवायची, आणि कोणालाही काहीही विचारायची.

सुशांत सर नुसत्या सुरांच्या ट्यून रचायचे, लहान मुलांच्या आनंदावर. शब्द एकही नाही. खेळण्यांच्या दुकानांत, वाढदिवसाच्या हॉलमध्ये त्या वाजायच्या आणि कितीही आंबट चेहऱ्याचा माणूस असो, ऐकून हसायचाच. आज त्यांनी नवी ट्यून ऐकवली होती. मध्येच तीन सूर पायऱ्या चढल्यासारखे धावत वर जात, क्षणभर थबकत आणि घरंगळत खाली येत. तिथे सगळा क्लास हसला होता.

सरांनी कापडाने कीबोर्ड पुसला. "मुलं किती आनंद देतात, रिया. ती देतात, मी घेतो." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या ट्यूनमध्ये अजून एकही जागा नाही. सूर बरोबर आहेत, पण मेलेले. स्पर्धा तोंडावर आलीय. तुला लहान भाऊ आहे ना? त्याला आण एकदा."

फिजाने खालून रियाचा कुर्ता ओढला.

फिजाचा भाऊ अदीब तीन वर्षांचा. सरांनी बोलावलं म्हणून ती त्याला गेल्या महिन्यात क्लासला घेऊन आली होती. सरांनी त्याला समोर बसवलं, काहीबाही वाजवलं, आणि पोरगं हसून हसून लोळलं. त्यानंतर अदीब हसला नाही. खायचा, झोपायचा, तीनचाकी सायकल दामटायचा. डॉक्टरांनी कान तपासले, डोकं तपासलं, सगळं ठीक.

"अम्मी गुदगुल्या करते," जिना उतरताना फिजा म्हणाली, "तर तो तिचा हात बाजूला करतो आणि विचारतो, काय झालं, अम्मी?"

"मूड नसेल गं त्याचा."

"महिनाभर?"

रियाने नवी ट्यून मोबाइलवर टिपून घेतली होती. दोघी तडक फिजाच्या घरी गेल्या, पनवेलच्या बाजाराजवळच्या मोहल्ल्यात. खाली अत्तराचं दुकान होतं, त्यामुळे जिनाभर गुलाबाचा आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास यायचा. अदीब चटईवर बसून दुधात बिस्किट बुडवत होता.

रियाने ट्यून लावली.

तीन सूर धावत वर गेले तसं बिस्किट अदीबच्या हातातून सुटलं. कोणी नावाने हाक मारावी तसं त्याने वळून पाहिलं. तोंड उघडलं. खांदे हलू लागले, पोट हलू लागलं, अगदी ट्यूनच्या ठेक्यात. घशात आवाज नव्हता. आवाज मोबाइलमध्ये होता.

ट्यून संपली. तोंड मिटलं.

"परत नको लावू," फिजा म्हणाली.

रियाने परत लावली. खात्री करून घ्यायला.

अदीबचं तोंड पुन्हा उघडलं. फिजाने मोबाइल हिसकावला आणि उलटा दाबून धरला, जणू त्यातून काही सांडत होतं. "तुझ्या प्रणितला त्या क्लासला नेणार नाहीस. माझी शपथ घे."

"घेतली. वेडी का मी?"

आणि तिने मनापासून घेतली होती. प्रणितसारखं हसणारं पोर अख्ख्या सेक्टरमध्ये नव्हतं. अडीच वर्षांचा प्रणित पोटातून हसायचा आणि शेवटी त्याला एक उचकी लागायची, टुक्. त्या उचकीवर घर चालायचं. यार्डातून पाळी संपवून आलेले बाबा बूट काढायच्या आधी म्हणायचे, "हास रं बाला, यकदा हास." तो हसला की मगच ते पाणी प्यायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर रिया कीबोर्ड घेऊन बसली. आई स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. स्पर्धेची तीच ट्यून, तेच मेलेले सूर. प्रणित येऊन तिच्या मांडीला टेकला.

"ताई, भूभू वाजव."

तिने खालच्या पट्ट्या बदाबदा बडवल्या. प्रणित हसला. पोटातून. टुक्.

रियाची बोटं वळली. तिने वळवली नव्हती. उजवा हात कुठल्याशा सुरावर घसरला, अडखळला आणि उडी मारून वर गेला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. जागा! खरीखुरी! तिने पुन्हा वाजवली. होती. पुन्हा. तिथेच होती.

"लय भारी गो बाय!" आई आतून हसत ओरडली. "आता काय वाजवलंस, मना गुदगुल्या झाल्या!"

प्रणित अजून हसत होता. हसणं थांबलं. उचकी लागली नाही.

रियाने त्याला कुशीत ओढून गुदगुल्या केल्या. तो हसला. शेवटी कोणी दोरा कापावा तसं हसणं तुटलं.

आणखी एकदा केल्या.

तुटलं.

तिने पट्टीवर बोट ठेवलं. अडखळून वर जाणारा तो सूर. टुक्.

ती कितीतरी वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. मग दाराकडे बघितलं. आई येत नव्हती. शपथ क्लासला न नेण्याची होती. तिने त्याला कुठे नेलं होतं?

"प्रणित," ती हळूच म्हणाली. "भूभू?"

रात्री जेवताना बाबांनी पोराला मांडीवर घेतलं. "हास रं बाला." प्रणित हसला. थोडंसंच. ओठांनी.

"दमलाय का ह्यो?"

"दुपारचा झोपला नाय, म्हनून," आई म्हणाली. "पन तुमी रियाचं ऐकाच. तिची ट्यून जिती झाली आज. मी काम टाकून हसत व्हते."

बाबा कौतुकाने रियाकडे वळले. त्यांचा घास हातातच राहिला होता.

रियाने केस मागे उडवले.

"आई, बाबा, माझं ठरलंय. स्पर्धेची ट्यून मी सरांकडे नाही, इथे घरीच पूर्ण करणार. आत्ता अर्धीच झालीय. ती पूर्ण होईपर्यंत शाळेतून आले की प्रणित माझ्याजवळ राहील, दार लावून."