ओले ब्रेक

कंदील जरा बारीक करा, रॉकेल रात्रभर पुरवायचंय. पंडित ड्रायव्हर तुम्हा पोरांनी पाहिलेला नाही, पण या गावातली निम्मी माणसं त्याच्या ट्रकमध्ये बसून परभणीला जाऊन आलेली आहेत. काळा, किडकिडीत, बोलायला फटकळ. बौद्ध घरातला माणूस. भुताखेतावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी हडळीचं नाव काढलं की खो खो हसायचा. म्हणूनच त्यानं सांगितलेलं खोटं म्हणवत नाही.

चार वर्षं झाली. चौऱ्याहत्तर सालची चौदा एप्रिल, जयंतीची रात्र. जिंतूरहून येलदरीला सिमेंट पोचवायचं होतं. वाटेत उताराच्या पायथ्याला पंडितचीच वस्ती. तिथं रस्त्यावर सतरंज्या टाकून भीमगीतांचा कार्यक्रम. बायको मनकर्णा तान्ह्या लेकीला घेऊन तिथं बसलेली असणार. 'गाण्याला येतो' असा शब्द दिलेला, आणि सिमेंट भरायलाच दिवस मावळलेला.

निघायच्या आधी नागनाथ मिस्तरीनं ब्रेक तपासले. मिस्तरीला बोलायची हौस दांडगी.

"परदेशात आता चकतीचे ब्रेक यायलेत. डिस्क म्हणतेत. उघडी लोखंडी चकती, दोन्हीकडून पकडायची. पाणी लागलं तर फिरता फिरता झटकती, तापली तर वाऱ्यानं गार व्हती. तुझा ड्रम म्हंजी झाकणाचा डबा. आत पाणी शिरलं की बसलं."

"उघड्या चकतीला आपल्या रस्त्यावरची धूळ अन् खडे खातील की," पंडित म्हणाला. "ड्रमाची पकड रुंद असती, मिस्तरी. एवढ्या वझ्याला ड्रमच पायजे."

"पकड हाय, पण कोरडा असला तर. आज कालव्याचं पाणी सोडलंय, वढा भरून चाललाय. बाहेर निघालास की ब्रेकवर पाय ठिवून हळू चल. वाळू दे."

"मला शिकवायलास व्हय?"

शिकवायची गरज नव्हतीच. ओढ्यातून निघालं की ब्रेक हलका दाबून फर्लांगभर चालायचं आणि आतलं पाणी वाळवायचं, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या पायाला ठाऊक होतं.

दहाच्या सुमाराला ट्रक ओढ्यात शिरला. पाणी चाकांच्या मधोमध लागलं. बाहेर निघाला, चढ चढला, आणि माथ्यावर येताच खालून लाऊडस्पीकरचा आवाज आला. गाणी रंगात आलेली. पंडितला वाटलं, आता संपतंय की काय, मनकर्णा वाट बघून उठते की काय... ब्रेक वाळवायचे राहून गेले. वर डिझेल वाचवायची ड्रायव्हर लोकांची खोड. त्यानं न्यूट्रल मारलं आणि गाडी उतारावर सोडून दिली.

खाली पेट्रोमॅक्सचा उजेड दिसत होता. माणसं स्टेजकडं तोंड करून बसलेली. उताराकडं सगळ्यांच्या पाठी.

त्यानं ब्रेक दाबला. पायडल गेलं, पण पकडलं नाही.

पुन्हा दाबला. काही नाही. हँडब्रेक ओढला, तो नावालाच होता. गिअर टाकू गेला. नुसती घरघर... पडेना. हॉर्नवर हात ठेवला. गाण्यात हॉर्न कुणाला ऐकू येतोय? डावीकडं घरं. उजवीकडं घरं. वळवणार कुठं?

उजेड जवळ आला. शेवटच्या रांगेत बायका. हिरवं लुगडं... मनकर्णा. खांद्यावर लेकीचं टोपडं.

तो ब्रेकवर पाय आपटत राहिला.

आणि गाडी जड झाली.

ब्रेक लागला की धक्का बसतो, तसा धक्का नाही. पुढून कुणी रेटावं तशी. इंजिनाचा आवाज तोच. रस्त्यावर कुणी नाही. दिव्यांच्या उजेडात फक्त धूळ... बंपरच्या पुढं, धुळीच्या दोन रेघा उठत होत्या. गाडीच्या पुढं पुढं. खाली खाली.

हळू... आणखी हळू...

थांबली.

मनकर्णाच्या पाठीला हात लागेल एवढ्यावर. एकानंही मागं वळून पाहिलं नाही. गाणं चालूच होतं.

पंडित चाकांखाली दगड लावायला खाली उतरला. ड्रायव्हरचा हात सवयीनं ड्रमकडं गेला. भरलेला ट्रक उतारावर थांबवला की ड्रमवर थुंकी चर्र करते. हा ड्रम रांजणासारखा गार. पाणी ठिबकत होतं. चारी बाजूंनी फिरून पाहिलं, सगळे गार. मग गाडी थांबवली कशानं?

त्यानं बॅटरी मारली. मुरमाच्या रस्त्यावर दोन खोल चर. अर्ध्या उतारापासून थेट बंपरपर्यंत. चरांच्या शेवटी दोन अनवाणी टाचांचे खोल ठसे. तिथून पुढं कुठंच पाऊल नाही. ना घराकडं, ना शेताकडं.

तेवढ्यात मनकर्णा लेकीला घेऊन मागं आली.

"कव्हा आलाव तुमी? अन् असं काय बगायलाव?"

त्यानं बॅटरी तेवढी खाली धरली. मनकर्णा वाकली.

"बाईच्या टाचा हायत ह्या. लहान हायत... माज्यापरीसबी लहान."

आणि मापाला म्हणून तिनं आपली अनवाणी टाच त्यात ठेवली.

कळवळून मागं घेतली. लेक जागी होऊन रडायला लागली.

ड्रम गार होते, पोरांनो. त्या दोन खड्ड्यांतली माती तव्यासारखी तापलेली होती. मनकर्णाच्या टाचेला भाजल्याचा डाग अजून आहे.