दोन काचांमधली माती

“मातीतल्यांना उकरून बघायचं नाही हं. दिसत नाहीत म्हणून नाहीत, असं थोडंच आहे? आणि राणी मुंगी गेली की बाकीच्यांना झाडाखाली सोड. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं होतं. दवाखान्यात जाताना हे एवढं सांगून गेले, ते परत आले नाहीत.

यांचं चष्म्यांचं दुकान. दोन काचांमध्ये बोटभर जाडीची माती भरून यांनी मुंग्यांचं घर केलं होतं. वरून काळा कागद. त्यांना साखरेचा दाणा घातल्याशिवाय मी पाणी पीत नाही. यांच्यामागेही नेम चुकला नाही.

परवा लेक प्लास्टरचं तयार घरटं घेऊन आली. कोरलेल्या खोल्या, वर पारदर्शक झाकण.

“आई, यात राणी जिवंत आहे का ते तरी कळेल. मातीत नुसता अंधार.”

“देव तरी कुठे दिसतो गं?”

“देवाला नळी जोडावी लागत नाही!”

तिने दोन्ही घरं नळीने जोडली, मातीवरचा कागद काढला. उजेड झाला की आपणहून सरकतील, म्हणाली.

एकही सरकली नाही.

काचेला लागून बिळं दिसत होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दारातून बोळ, उजवीकडे स्वयंपाकघर, टोकाला यांची खोली. आमचंच घर. यांची खुर्ची असते तिथे एक कोनाडा, आणि त्यात मी रोज घातलेली साखर, दाण्यावर दाणा. कुणी खाल्लीच नव्हती.

“ढगात हत्ती दिसतो ना, तसलंच आहे ते,” लेक म्हणाली. पण यांच्या खुर्चीवर काही बसली नाही.

मातीतल्या स्वयंपाकघरात एकच मुंगी होती. मी चहाला उठले, ती हलली. मी थांबले, ती थांबली. भीती नाही वाटली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझी विचारपूस करतंय, असं वाटलं. मनात म्हटलं, देवा, राणीला राहू दे. एवढंच उरलंय.

आज सकाळी साखर घालायला गेले. काचेमागची यांची खोली मातीने बुजवलेली. गच्च.

राणी बोळात आडवी पडली होती. भोवती ती सगळी साखर.

“उरलेल्या या नव्या घरात जगतील गं काही महिने,” लेक हळूच म्हणाली. “ठेव ना.”

ठेवावंसं मलाही वाटलं. पण यांना ‘कबूल’ म्हटलं होतं.

मग नळी काढली. साखरेचा दाणा मुठीत घेतला, काचा उराशी धरल्या, चपला घातल्या.

मातीतल्या स्वयंपाकघरात ती मुंगी नव्हती. ती दाराशी येऊन थांबली होती. शेजारी आणखी एक.

मी कडी काढली आणि जरा बाजूला सरकले, दोघांना जाता येईल एवढी.