दारावरचा म्हातारा

शाळेतल्या संगणकाला दोन मेंदू होते. एक जुना, पहिल्यापासूनचा. दुसरा नवा, शहरातल्या कचेऱ्यांमधले प्रोग्रॅम चालावेत म्हणून मागाहून बसवलेला. प्रोसेसर वगैरे शब्द मुलांच्या डोक्यावरून जातात, म्हणून आर्न्टने त्यांना सोपं करून सांगितलं होतं: "आत टेबलाशी तरणा कारकून बसतो. पण दारावर आपला म्हातारा. कळ दाबली की निरोप त्याच्याकडे, आणि पडद्यावर उत्तर दाखवणारही तोच."

उत्तर नॉर्वेतल्या त्या बेटावर शाळेला शिक्षक दोनच, आर्न्ट आणि त्याची बायको बोर्गहिल्ड. दोन वर्षांपूर्वी आर्न्ट वर्गातच, त्या संगणकासमोरच्या खुर्चीत गेला. थडग्यावर अजून लाकडी क्रूसच होता. पाद्री दगडासाठी मागे लागला होता आणि बोर्गहिल्ड चालढकल करत होती. दगड बसला की सगळं संपलं, असं तिला वाटे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात संगणकाशी बसलेली सुन्नीवा कुरकुरली, "बाई, मी चोपन्न लिहिलं होतं. यानं छप्पन्न केलं!"

"मग सात आठे छप्पन्नच होतात की, बाळा."

"पण मला कुठे येत होतं?"

वर्ग खो खो हसला. पण पुढे रोजच तसं होऊ लागलं. चुकलेला आकडा पुसला जाई, पडदा क्षणभर थांबे, मगच बरोबर आकडा येई. आर्न्ट असाच थांबायचा. पोरांवर तो कधी खेकसला नाही. नुसतं "हं" म्हणून वाट बघायचा. बोर्गहिल्ड कुणाला काही बोलली नाही. शाळा सुटली की ती कॉफीचा पेला घेऊन त्या पडद्याशेजारी बसे, आणि तिला बरं वाटे.

यंदा डिसेंबरात तालुक्याहून संगणक दुरुस्त करणारा रोआल आला. सगळ्या शाळांना नवे, एकाच मेंदूचे संगणक मिळणार होते आणि हा परत जायचा होता. भर दुपारी बाहेर निळा अंधार होता. या दिवसांत सूर्य उगवतच नाही.

"हा राहू दे ना," बोर्गहिल्ड म्हणाली.

"बोर्गहिल्डबाई, याचे सुटे भागसुद्धा मिळत नाहीत आता."

त्याने सहज चुकीची बेरीज टाकून पाहिली. ती सुधारली. त्याने प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. "यात तशी सोयच नाही," तो पुटपुटला. मग झाकण उघडून त्याने जुना प्रोसेसर उपटून तळहातावर घेतला. "आता हा आंधळा आणि बहिरा. बघा."

बटण दाबलं. पडदा उजळला.

रोआलने पुन्हा चुकीची बेरीज टाकली. आकडा पुसला गेला. पडदा क्षणभर थांबला. बरोबर आकडा आला.

रोआलने झाकण न लावताच कोट चढवला.

"नेत नाही का?" तिने विचारलं.

"मी नाही नेणार. दुसऱ्या कुणाला पाठवतील." तळहातावरचा तो काळा तुकडा त्याने टेबलावर ठेवला आणि जवळजवळ पळतच बोटीचा धक्का गाठला.

म्हणजे संगणक इथे फार तर आठवडा. आता टाळण्यात अर्थ नव्हता. ती त्याच खुर्चीत बसली आणि दगडावरचा मजकूर पडद्यावर लिहू लागली. नवराबायकोचा दगड तिथे एकच असतो. मागे राहिलेल्याचं नावही तेव्हाच कोरतात आणि शेवटच्या सालाची जागा मोकळी सोडतात.

आर्न्ट ब्रेइवोल, १९३१–१९८४.

बोर्गहिल्ड ब्रेइवोल, १९३४–

पडदा क्षणभर थांबला.

मोकळ्या जागेत आकडा आला. १९८६.

तिने तो पुसला. तो परत आला.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं शेवटचं पान उघडं होतं. ती भ्यायली नाही. तिला हुंदका आला आणि हसूही आलं.

"कसली रे घाई एवढी?" ती म्हणाली. कळफलकाला तिने हातही लावला नव्हता. "शुक्रवारी मुलांची संत लुसियाच्या सणाची मिरवणूक आहे. सुन्नीवाच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट बसवायचाय. तेवढं तरी होऊ दे, आर्न्ट."

पडदा थांबला. या वेळी जरा जास्तच वेळ.

मग दोन नावांच्या खाली एकेक अक्षर उमटत गेलं.

हं. मग शनिवारी.