नंबर आधी सांगायचा नाही

जवळ सरका, पण उगाच भिऊ नका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

साडू स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करतो. घरी माझ्या मेहुणीपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, पण तिकडे माइक हातात आला की अख्खं स्टेशन त्याचं ऐकतं. त्या स्टेशनवर दोन वर्षांपूर्वी चेंगराचेंगरी झाली होती. ऐन वेळी फलाट बदलला. पुलावर गेलेले मागे फिरले, खालचे वर चढत होते, आणि जिन्यात माणसं माणसांखाली गेली. तेव्हापासून नियम आला, की गाडी येऊन उभी राहीपर्यंत फलाटाचा नंबर कुणाला सांगायचा नाही. पाट्या कोऱ्या. प्रवासी सगळे बाहेरच्या हॉलमध्ये, दाराला कुलूप. लोक वैतागायचे, आम्ही काय गुरं आहोत का, म्हणायचे. मलाही तो नियम शुद्ध वेडेपणा वाटायचा. माणसाला त्याचीच गाडी कुठे येणार ते कळू द्यायचं नाही, ही कसली सुरक्षा?

तर, गेल्या जानेवारीतला दुसरा मंगळवार. रात्रीचे पावणेबारा. मेहुणी लेकीला घेऊन मोठ्या शहरातल्या दवाखान्यात निघाली होती. पोर चार वर्षांची, ताप काही केल्या उतरत नव्हता, आणि सकाळची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. गाडी चुकली की ती वेळ गेली. साडूला रजा नाही, म्हणून ती एकटीच. खांद्यावर पोर, पाठीवर शाल, हातात बॅग. दारावरचा शिपाई ओळखीचा, त्याने तिला हळूच आत सोडलं. आत येताच तिने साडूला फोन लावला. दार उघडलं की झुंबड अंगावर येईल, त्याआधीच पूल ओलांडते, कुठे जाऊ तेवढं सांगा, म्हणाली.

कुठला नवरा नाही म्हणेल? माइक बंद आहे ना, ते साडूने पाहिलं. मग फोन तोंडाशी धरून म्हणाला, "तीन."

त्याच्या समोरच्या पडद्यावर पूल दिसतो. मेहुणी जिना चढून वर आली. पूल रिकामा होता. हॉलचं दार शेजारच्या पडद्यावर दिसत होतं, तेही बंदच होतं.

मग तिच्या मागे एक माणूस दिसला.

मग चार.

मग पूल भरला... बायका, म्हातारे, डोक्यावर बोजे घेतलेले... एकमेकांना रेटत, सगळे तीनकडे. दार बंदच होतं. ती आपल्या नादात चालली होती. मागे वळूनही बघत नव्हती. उतरायचा जिना जवळ आला होता...

साडू म्हणतो, तेव्हा कळलं, हे लोक दोन वर्षं नंबरासाठीच थांबलेत. आणि तो मी सांगितला.

त्याने माइक चालू केला.

"खाली बस. जिन्यावर जाऊ नकोस. पोरीला पोटाशी घे आणि बस."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याचं निमूट ऐकलं. बॅग टाकली. बसली. पोरीवर ओणवी झाली.

गर्दी तिच्यावर आली.

ती दिसेना...

पोर दिसेना...

मग पूल रिकामा. ती तशीच. ओणवी.

साडू माइक टाकून धावला. वर पोचला तर मेहुणी त्याच्यावरच उखडली. अख्ख्या स्टेशनात काय ओरडता, इथे चिटपाखरू तरी आहे का? पोर तिच्या कुशीत झोपली होती. साडूने पोरीला उचललं, गाडी तीनवर लागली तेव्हा दोघींना स्वतः डब्यात बसवलं. पुढे पोर बरी झाली. आता शाळेत जाते.

डब्यात पोरीवर घालायला त्याने मेहुणीच्या पाठीवरची शाल काढली. उजेडात धरली. मग पोरीवर स्वतःची शाल घालून ती घरी घेऊन आला. मी पाहिली आहे. तिच्यावर पावलांचे ठसे आहेत. चपलांचे, बुटांचे, एक एवढंसं अनवाणी. सगळे कमरेकडून मानेकडे गेलेले.

परतीचा एकही नाही.