थंड केलेले कागद

कंदील जरा बारीक करा आन् गप बसा. मधी कुणी बोललं तर म्या पुढं सांगणार न्हाय.

ही बासष्ट सालच्या येळवशीची, म्हंजी येळा अमावस्येची रात. नळदुर्गचा हैदर माझ्या वर्गातला. त्यानं मला स्वतः सांगितलं, आन् तो थापा मारणारा माणूस नव्हता. त्याचे चाचा जलीलसाहेब हैदराबादेत उर्दूचे प्रोफेसर. जन्मभर खेडोपाडी फिरून म्हाताऱ्या बायांची जात्यावरची गाणी त्यांनी लिहून घेतली. रिटायर होऊन ते नळदुर्गच्या घरी आले आन् पावसाळ्यात वारले. मग एका कॉलेजचं पत्र आलं, की साहेबांचे कागद आमी जपून ठेवतो, न्यायला माणूस पाठवतो. गाणाऱ्या बाया कवाच मरून गेल्या होत्या. राहिले होते ते कागदच.

माणूस येळवशीच्या दुसऱ्या दिवशी येणार. चाची, कुलसुमबी, हैदरला म्हणाल्या, कागद ट्रंकेत भरून ठेव. आन् त्या मुरुमला बहिणीकडं गेल्या.

हैदरनं पुस्तकं भरली, पत्रं भरली. मग चाचांच्या बाजंखाली एक गठ्ठा निघाला. वाळवीनं खाल्लेला, चहाचे डाग पडलेला. त्याला वाटलं, रद्दी आहे. पण अक्षर कुराणातल्यासारखं. आमी मराठी शाळंत शिकलेलो, त्याला उर्दू कुठलं वाचता येतंय? असा कागद जाळायचा न्हाय, पायाखाली येऊ द्यायचा न्हाय, पाण्यात सोडून थंड करायचा, अशी त्यांच्या घरची रीत. त्यानं हात धुतले, गठ्ठा पांढऱ्या फडक्यात बांधला, धोंडा लावला आन् बोरी नदीच्या डोहात सोडला. किती अदबीनं सोडला बघा. मला त्याचंच लई वाईट वाटतं.

सांजच्याला चाची आल्या. ट्रंक बघितली, बाजंखाली वाकून बघितलं आन् तिथंच खाली बसल्या. गाणी त्याच गठ्ठ्यात होती.

हैदर पळत डोहावर गेला. अंधारात चार बुड्या मारल्या. हाताला नुसता गाळ लागला.

रात्री दहाला तो ओल्या अंगानं ट्रंकेपाशी बसलेला. चाची आतल्या खोलीत रडून निपचित पडलेल्या. गाव दिवसभर रानात जेवून येऊन झोपलेलं. तेवढ्यात बाज करकरली.

बाजंवर चाचा बसले होते.

अंगातनं पाणी गळत होतं. हातात एक कागद. त्याची शाई ओघळत होती...

"पढ, बेटा," ते म्हणाले.

हैदरला वाचता येईना. त्याच्या डोळ्यांदेखत पान कोरं झालं.

दुसरं पान. "पढ."

चाचा रागवत नव्हते. तेच सोसंना, असं हैदर म्हणायचा. उठावं म्हटलं की पान पुढं यायचं... शाई गळायची... पुढचं पान.

पहाटंपर्यंत.

उजाडल्यावर चाचीनं दार ढकललं. बाजंवर पांढरं फडकं. गाठ तशीच. सोडून बघितलं तर सगळी पानं होती. कोरडी. आन् कोरी.

वरच्या पानावर तेवढं काहीतरी लिहिलेलं. बालबोध अक्षर, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यागत वाकडंतिकडं. चाचांनी उभ्या जन्मात मराठी लिहिलं नव्हतं.

"हैदर, आता वाच."

खाली काहीच नव्हतं.