उलटा धूर

वरद, तो मोबाइलचा उजेड बंद कर. ऋचा, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्ये हसलीस तर मी उठून जाईन. गोष्ट भुताची आहे खरी, पण चौथ्या माणसाकडून ऐकलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो श्रीनिवास माझा रोजचा उठण्याबसण्यातला.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. दिवेलागण होऊन गेली होती. श्रीनिवासची बायको भाग्यश्री नवऱ्याचा डबा घेऊन कर्वेनगरातल्या घरून नदीकाठच्या शेडकडे निघाली. नऊ दिवसांचा तिचा उपास, पण चालण्यात थकवा नाही. देवीपुढे एकच मागणं ठेवून आली होती, उद्या दसऱ्याला सरोजिनीबाईंसमोर त्यांच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर चालू होऊ दे.

श्रीनिवास जुने डिझेल ट्रॅक्टर दुरुस्त करतो. हात चांगला, तोंड वाईट. खडकवासल्याकडचा एक शेतकरी ट्रॅक्टर ओढत घेऊन आला, तर हा त्याला म्हणाला, "वर बसून काय आलात, खांद्यावर आणायचा होता." आपल्याखेरीज जगात कुणाला पाना धरता येतो यावर त्याचा विश्वास नाही.

त्याला भेटला तोडीस तोड माणूस. गोपाळकृष्ण मास्तर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शेत विकलं, ट्रॅक्टर विकला नाही. पुस्तक मांडीवर घेऊन तो उघडायचे. मेस्त्री बोलावलाच तर हात मागे बांधून त्याच्या पाठीशी उभे राहायचे, आणि तो चुकला की नाकातून फक्त "हं" करायचे. त्या एका "हं"मध्ये तुमची अक्कल, तुमचा गुरू आणि तुमचं घराणं, तिन्हींचा निकाल लागायचा. श्रीनिवास एकदाच त्यांच्याकडे गेला. निघताना म्हणाला, "मास्तर, पुस्तक वाचून मुंज लागते, ट्रॅक्टर चालू होत नाही." त्यानंतर बोलणं बंद. पुढच्या पावसाळ्यात मास्तर गेले.

ट्रॅक्टर ताडपत्रीखाली उभा राहिला. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई दसरा झाला की कायमच्या लेकीकडे बंगळूरला निघणार होत्या. त्या स्वतः शेडवर आल्या. म्हणाल्या, "एकदा चालू करून द्या. ह्यांच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून जाते. मग भंगारात द्या, माझं काही म्हणणं नाही."

श्रीनिवासने शब्द दिला. देताना म्हणालाच, की दुरुस्तीला वेळ लागणार नाही, मास्तरांची दुरुस्ती काढायला लागेल.

तर भाग्यश्री पोचली तेव्हा हा शेडवर ओढून आणलेल्या त्या ट्रॅक्टरपाशी उकिडवा. दुपारी तिने त्याची सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजली होती. झेंडूची फुलं अजून ताजी होती. त्यातलाच पाना याच्या हातात.

"अहो, आज हत्याराला हात लावू नये," ती हळूच म्हणाली.

"मग नळीतली हवा काढायला तुझी देवी येणार आहे का?"

डिझेलच्या नळीत हवा अडकली की इंजिन चालू होत नाही, ती नट सैल करून काढावी लागते. याने पान्याचं कुंकू विजारीला पुसलं आणि नट फिरवला. बुडबुडे आले. फुस्स झालं. आणि पाठीमागून...

"हं."

श्रीनिवास वळला. भाग्यश्री चार हात लांब, डबा उघडत होती. त्याने विचारलं, काही म्हणालीस का. ती म्हणाली, नाही. त्याने नट आवळायला घेतला.

"हं."

"नाकाने बोलू नकोस," तो तिच्यावर खेकसला. तिनेही ऐकलं होतं. तिच्या पलीकडून आलं होतं.

पुढे बॅटरीने दगा दिला. किल्ली फिरवली की नुसतं कण्हायची. शेडपुढच्या अंगणाला नदीकडे उतार आहे, खाली दगडी भिंत. ट्रॅक्टरचं तोंड रस्त्याकडे, पाठ भिंतीकडे. श्रीनिवासने ठरवलं, उतारावर मागे सोडून गिअरवर चालू करू. बायकोला सांगितलं, भिंतीपाशी दगड घेऊन उभी राहा, ओरडलो की चाकामागे टाक. ती गेली.

आता नीट ऐका. मागे उतरताना मागचा गिअर टाकायचा असतो. हे श्रीनिवासला झोपेतही ठाऊक. पण डोक्यात तो "हं" बसला होता. रागाच्या भरात याने टाकला पुढचा.

ब्रेक सोडला. ट्रॅक्टर मागे घरंगळला. क्लच सोडला... धडधड करत इंजिन चालू.

"ऐका म्हणावं मास्तर," हा मोठ्याने म्हणाला.

मग त्याला दिसलं. सायलेन्सरमधून धूर येतच नव्हता. धूर येत होता समोरच्या हवेच्या फिल्टरमधून.

वरद, हे मी रंगवून सांगत नाही. कुठल्याही मेस्त्रीला विचार. जुनं डिझेल इंजिन उलटं फिरवलं गेलं तर कधीमधी उलटंच चालू होतं. श्वास घ्यायचा तिथून धूर टाकतं, धूर टाकायचा त्या सायलेन्सरमधून श्वास घेतं.

काय म्हणालीस ऋचा? भुताचे पाय उलटे असतात तसं? आता हसत नाहीयेस ना? बरं.

पुढचा गिअर. आणि ट्रॅक्टर मागे चाललेला. घरंगळत नाही. जोर लावून.

ब्रेक दाबला. या वेळी नुसताच खाली गेला. क्लच दाबला. इतके महिने उभा राहिलेला, एकदा सुटला आणि आता चिकटून बसला. बंद करायची दांडी ओढली. तार तुटून दांडी हातात आली.

मागे भिंत. भिंतीपुढे भाग्यश्री.

तिने दगड टाकला. चाक दगडावर चढलं. उतरलं. ती बाजूला सरकेना. पाय हलेनात. तो ओरडला, तिला ऐकू गेलं नाही. तिने डोळे मिटले. नाव घेतलं...

आणि कुणीतरी तिच्या शेजारून पुढे गेलं. घाई नाही. वर्गात फिरावं तसं.

आवाज दबला. कुणाच्या तोंडावर हात ठेवावा, तसा. इंजिन घुसमटलं. एकदा... दोनदा...

बंद.

चाक तिच्या निऱ्यांना टेकून थांबलं होतं.

काही नाही. नदीवरचा वारासुद्धा नाही. आणि मग, अगदी स्वच्छ...

"हं."

श्रीनिवासने हात जोडले. लग्नानंतर पहिल्यांदा, असं भाग्यश्री सांगते. तो खाली उतरला, तिचा हात धरला तो सोडेना. रात्रभर दोघं पाटापाशी बसून राहिले.

सकाळी याने दुसरी बॅटरी आणली. ट्रॅक्टर सुरळीत चालू झाला, धूर जिथून यायचा तिथून आला. सरोजिनीबाई पदर कानामागे घेऊन उभ्या होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "ह्यांच्यापेक्षा धूर जरा जास्त काढता तुम्ही." श्रीनिवासने मान खाली घातली.

मग त्यांनी वर बोट केलं. "आणि हे काय?"

सायलेन्सरचं तोंड माणसाच्या डोक्याच्या बरंच वर. तिथवर हात न्यायचा तर बॉनेटवर चढावं लागतं, आणि बॉनेटवरची धूळ जशीच्या तशी होती. वरच्या कडेखाली, बाहेरच्या काजळीत, चार बोटं उमटली होती. टोकं खाली.

मी म्हटलं, श्रीनिवास, म्हणजे कुणीतरी वरून तळवा ठेवून तोंड दाबलं.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तात्याराव, वरून तळवा ठेवला तरी बोटं तशीच उमटतात. आणि आतून हात बाहेर काढून कड धरली... तरीही तशीच."