इंजीन बंद करायचं नाही

खालचा आवाज? येऊ दे. कुणीही खाली जाऊन त्या व्हॅनच्या काचेवर टकटक करायची नाही, आधीच सांगून ठेवतो. लाइट गेलीय, लिफ्ट बंद आहे, तुमच्या मोबाइलांनीही माना टाकल्यात. तेव्हा बसा मुकाट्यानं जिन्यावर. ती व्हॅन उभ्या उभ्या का घुरघुरतेय, ते सांगतो. माझ्या शेजारच्या उस्तादाची आहे ती. आणि ही गोष्टही त्याचीच, त्याच्याच तोंडून ऐकलेली. थापा मारणाऱ्यातला नाही तो. बोलतोच मुळी दिवसाला चार शब्द.

गेल्या वर्षीचा जानेवारी. अमावास्येची रात्र, वार मंगळवार. काम एवढंच, की नातीला स्टेशनवर सोडायचं. पहाटेची गाडी होती, म्हणून जेवून लगेच निघाले. नात नर्स आहे. सीमेजवळच्या लष्करी इस्पितळात तिची नेमणूक झाली होती. घरात सगळे खूश, आणि उस्तादाचं तोंड आठवडाभर एरंडेल प्यायल्यासारखं. पोरीनं जाऊ नये, हा एकच हेका. का जाऊ नये, ते मात्र सांगेल तर शपथ.

कारण तरुणपणी हा गडी लढाईत होता. ट्रक चालवायचा. दारूगोळा, औषधं, पाणी, लागेल ते पुढच्या चौकीवर पोचवायचं, तेही रात्री आणि दिवे न लावता. दिवा दिसला की तोफगोळा आलाच समजा. मग ट्रक चालायचा कसा? एक माणूस पुढे पायी चालायचा, पाठीवर पांढरं फडकं बांधून. ड्रायव्हरला अंधारात तेवढंच दिसायचं. फडकं चाललं की चालायचं, थांबलं की थांबायचं. हाक मारायची नाही, हॉर्न वाजवायचा नाही. फडक्याची दोन टोकं खांद्यांवरून, दोन काखांतून, आणि गाठ छातीवर. ती गाठ चालणाऱ्यानं स्वतः मारायची नाही हं. ज्याला मागून यायचंय त्यानं मारायची, आणि पोचल्यावर त्यानंच सोडायची. त्यांच्या तुकडीचा रिवाजच होता तसा.

उस्तादाच्या पुढे लंब्या चालायचा. ताडमाड उंच आणि भलता चेष्टेखोर. म्हणायचा, "अख्ख्या सैन्यात पाठ दाखवण्याचा पगार घेणारा मी एकटाच!" एकदा उस्तादानं त्याला विचारलं, "लेका, तुला भीती नाही वाटत?"

"फाटते की! पण मागे तुझं इंजीन घुरघुरत असतं ना, तोवर पाय चालतात. एकटा असतो तर केव्हाच धूम ठोकली असती. तू तेवढं इंजीन बंद करू नकोस म्हणजे झालं."

एकदा फॅनबेल्टमध्ये उस्तादाचं बोट सापडलं, तर लंब्यानं त्याच फडक्याचा कोपरा टरकन फाडून बांधला. त्यानंतर दोन-तीन रात्रीच गेल्या असतील. चढावर एक स्फोट झाला, धूळ उडाली, आणि धूळ बसल्यावर दिसलं, की फडकं थांबलंय.

उस्तादही थांबला. नियमच होता. फडकं जरा खाली दिसत होतं. लंब्या वाकून रस्ता बघत असेल, असं त्याला वाटलं. इंजीन चालू ठेवून तो वाट बघत राहिला. बराच वेळ. शेवटी राहवेना म्हणून उतरला. पुढचा पूल उडालेला. तुटलेल्या काठावर लंब्या बसला होता, दगडावर छाती टेकून, ट्रककडे पाठ करून. पोटात लोखंड घुसलेलं. लोळत बाजूच्या खड्ड्यात गेला असता तर कदाचित वाचलाही असता. पण मग फडकं दिसलं नसतं, आणि ट्रक सरळ दरीत गेला असता. म्हणून तो तसाच बसून राहिला, शेवटपर्यंत.

उस्तादाला ती गाठ सोडवेना. हातच चालेनात. लंब्याला फडक्यासकट निरोप दिला. आपला मित्र दहा पावलांवर मरत होता आणि आपण नियम पाळत बसलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्या सलानं त्याला आयुष्यभर पोखरलं. आणि आता नात म्हणत होती, की मलाही तिकडेच जायचंय.

तर त्या रात्री हमरस्त्यावर टँकर उलटला होता. पोलिसांनी गाड्या जुन्या गावरस्त्यानं वळवल्या. थोडं पुढे गेले आणि धुकं उतरलं. असं धुकं, की दिवे लावले तर समोर पांढरी भिंत.

"आजोबा, मी उतरून पुढे चालते. तुम्ही हळूहळू मागून या," नात म्हणाली.

"नाही."

"अहो, गाडी चुकेल. मला उद्या हजर व्हायचंय!"

"तू पुढे चालायचं नाहीस, सांगितलं ना एकदा!" उस्ताद जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला असेल.

पण आजोबांवरच गेलेली पोर ती. दार उघडून उतरलीसुद्धा. अंगात गडद निळा स्वेटर. दोन पावलं दिसली. मग धुक्यानं गिळली.

उस्तादानं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली.

काहीच नाही...

आणि मग बॉनेटच्या पुढे पांढरं काहीतरी दिसलं. खांद्याच्या उंचीला. हलत होतं.

त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. दिवे बंद. पांढरं आता स्पष्ट झालं. चौकोनी... एक कोपरा नसलेलं.

ते चालू लागलं. उस्तादानं क्लच सोडला. हात स्टिअरिंगला चिकटलेले. रस्ता दिसत नव्हता. झाडं दिसत नव्हती. फक्त ते.

चाललं... चाललं...

थांबलं.

उस्ताद थांबला. हाक नाही, हॉर्न नाही. वाट बघायची.

पांढरं हळूहळू खाली गेलं...

"नाही!" तो म्हणाला. या वेळी तो बसून राहिला नाही. इंजीन चालू ठेवलं, दार ढकललं आणि म्हातारा धावत सुटला.

ओढ्यावरचा छोटा पूल खचला होता. अर्धा जागेवर, अर्धा नाहीच. काठावर नात बसली होती, दगडाला धरून, व्हॅनकडे पाठ करून. एक पाय खाली लोंबकळत होता. पाठीवर फडकं.

त्यानं तिला मागे ओढलं.

"घसरलेच होते, आजोबा. बरं झालं, तुम्ही मागून धरलंत."

उस्ताद तिचा पाय चाचपून बघू लागला.

"भीती वाटत होती हो. पण मागे गाडीचा आवाज येत होता ना, म्हणून चालत राहिले." मग छातीवरच्या गाठीला हात लावून म्हणाली, "आणि हे बरं सुचलं तुम्हाला. उतरल्या उतरल्या मागून हात घालून बांधलंत. पण किती गार होते हात तुमचे..."

"पोरी," उस्ताद म्हणाला, "मी सीटवरून हललोही नव्हतो."

गाठ उस्तादाच्याच हातची होती, लंब्याच्या छातीवर मारायचा तशीच. ती मारायची पद्धत दुसऱ्या कुणाची नव्हतीच. उस्ताद रस्त्यातच गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडत रडत त्यानं ती सोडली. या वेळी हात चालले.

व्हॅन वळवून दुसऱ्या वाटेनं स्टेशन गाठलं. धुक्यामुळे रेल्वेलाही उशीर झाला होता. डब्याच्या दारात त्यानं नातीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "जा. मी आहे मागे."

तेव्हापासून ते फडकं त्याच्या दारामागच्या खिळ्याला असतं. मी स्वतः पाहिलंय, हात लावलाय. धुऊन स्वच्छ केलेलं, एक कोपरा फाटलेला. आता महिनाभर सीमेवर काय चाललंय, ते तुम्ही बातम्यांत बघताच आहात. नात तिथेच आहे. रात्री अँब्युलन्समधून पुढच्या चौक्यांवर जाते, जखमींना आणायला. आणि कधी कधी सकाळी खिळ्यावरचं फडकं चिखलानं भरलेलं असतं. छातीशी मारतात तशी गाठ मारलेली. उस्ताद गाठ सोडतो, फडकं धुतो, वाळत घालतो. दुपारी नातीचा फोन येतो, की रात्री पोचलो सुखरूप.

आज लाइट गेली तेव्हा मी मेणबत्ती मागायला त्याच्याकडे गेलो होतो. तो व्हॅनची किल्ली शोधत होता. घाईत होता. मी कुठे निघालास विचारलं, तर त्यानं नुसतं दारामागे बोट दाखवलं.

खिळा रिकामा होता.

"इंजीन बंद करायचं नाही," एवढंच बोलला आणि जिना उतरून गेला.

म्हणून म्हणतो, खाली कुणी जाऊ नका. सकाळपर्यंत चालू राहू दे.

शू... ऐका जरा. चालू आहे ना?